भंगारात मिळालेली तीनचाकी: हत्तीची की अस्वलाची?

जांभ्याची_खाण
मंडळी, चिपळूणला आमचं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे, ग्रील, गेट, पत्र्याची शेड असली कामं. भंगारवाल्याकडून अधनंमधनं पाइप-अँगल उचलतो, तर या खेपेला त्याच्याकडे एक भलतीच सायकल दिसली आणि राहवलं नाही म्हणून किलोच्या भावाने घेऊन आलो. तीन चाकं. पुढचं साधारण २० इंची, मागची दोन त्याहून लहान. टायर ट्यूबचे नाहीत, भरीव रबर आहे. चेन नाहीच, पॅडल थेट पुढच्या चाकाच्या आसाला. इथवर ठीक, बारक्या पोरांच्या सायकलीला पण असंच असतं. पण पाइप दीड इंची, आणि सीट म्हणजे पाठीला टेकण असलेला लोखंडी पाट. पॅडल माझ्या पंजाहून रुंद, दोन्हीला पट्टा ओवायच्या खाचा आहेत आणि एकात चामड्याचा कुजका तुकडा अजून लटकतोय. हँडलच्या खाली एक कडी, सीटच्या मागे एक कडी. पुढच्या आसापासून मागच्या आसापर्यंत ३ फूट.

भंगारवाला छातीठोकपणे सांगतो की सर्कशीतली आहे, हत्ती चालवायचा. खरंच हत्तीची असेल का? आणि मुळात जनावराला हे शिकवतात तरी कसं? माझ्या पोराला सायकल शिकवताना माझी कंबर गेली, आणि त्याला तर बोललेलं कळतं. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

बांगडाफ्राय
प्रकाश टाकायला त्या भंगारवाल्याकडे सर्कशीचा सर्चलाइट पण असेल, बघ.

सुरंगीचो_वळेसार
सर्चलाइट नको काढू रे, माका सगळा आठवाक लागला. सावंतवाडीक जिमखान्याच्या मैदानार सर्कस इली काय तो लाइट रातीचो आभाळात फिरतलो आणि आमी खळ्यात बसान बघतलो. मगे घरात रडान-रडान एकदाचा जावक गावला. अस्वल सायकलीर बसान भायर इला आणि सगळी पोरा टाळये वाजवक लागली, पण माज्या आजयेन माज्या डोळ्यार हात धरल्यान. म्हणता कशी, नको बघू गो, तेचा तोंड बांधलला हा. माका तेवा कळला की ता चामड्याचा मुसका, नायतर मी समजलंय अस्वलाचा तोंडच तसा असता.

हत्तीची सायकल पण होती. पण ती भारी दांडगी, चार माणसांनी ढकलीत आणली. तुझी ती न्हय.

यष्टी_कंडक्टर
धागा बघून लॉगिन केलं, एरवी मी वाचनमात्र. आमची सगळी नोकरी कराड-चिपळूण मार्गावर गेली. सर्कस यायची ती दिवाळी झाली की, आणि मृगाच्या आत चंबूगबाळं आवरून घाटावर परत, कारण कोकणातल्या पावसात तंबू टिकत नाही आणि पब्लिक पण शेतात असतं. कुंभार्ली घाटात त्यांचे ट्रक एकामागे एक लागले की आमची गाडी हमखास लेट. ट्रकच्या फाळक्यावरून हत्तीची सोंड बाहेर आलेली असायची आणि आमचे पॅसेंजर खिडकीतून केळी दाखवायचे. पिंजऱ्यांवर ताडपत्री असायची, त्यामुळे वाघ दिसायचा नाही पण वास यायचा. घाट उतरून खाली आलं की उकाडा जो काय मारायचा त्यात ते अस्वल, अंगावर एवढं केसाळ घोंगडं घेऊन, ताडपत्रीच्या आत काय करत असेल हा विचार तेव्हा कुणाच्याच डोक्यात नव्हता, माझ्यापण नव्हता, खरं सांगायचं तर डेपोत पोचायची घाई असायची.

पवन तलावाच्या मैदानावर खेळ लागायचे, दुपारी १, ४ आणि ७. म्हणजे ते अस्वल एका दिवसात तीन वेळा सायकलवर. रविवारी जास्त पण.

नट_बोल्ट
@जांभ्याची_खाण, भंगारवाल्याला सांग, हत्तीची नाही. सर्कशीत बहुतेक माद्याच असायच्या कारण नर माजावर आला की आवरत नाही, आणि मादी झाली तरी अडीच-तीन टन. ती या दीड इंची पाइपवर बसली तर फ्रेमची चपाती होईल. हत्तीच्या तीनचाकीला चॅनल नाहीतर जाड आय-सेक्शन लागेल. ही १०० किलोच्या आसपासच्या गड्याची आहे. अस्वल.

आता गंमत बघ. आपल्या साध्या सायकलला फ्रीव्हील असतं, पाय थांबवले तरी सायकल पुढे जाते. इथे पॅडल थेट आसाला आहे, म्हणजे चाक फिरलं की पॅडल फिरणारच, आणि पॅडलला पाय पट्ट्याने बांधलाय म्हणजे पायही फिरणारच, सुटका नाही. मग हँडलखालची कडी कशाला? दोरी बांधून ओढायला. माणूस ओढतो, चाक फिरतं, पाय गरगर फिरतात आणि बाकड्यावर बसलेल्या पब्लिकला वाटतं अस्वल काय पॅडल मारतंय बघा. सुरवातीच्या काळात तरी अस्वल सायकल चालवत नसतं, सायकल अस्वलाला चालवत असते. मागच्या कडीला बहुधा कमरेचा पट्टा किंवा साखळी, उठून जाऊ नये म्हणून.

दुसरं म्हणजे हँडल. अस्वलाला वळवायला शिकवायची गरजच नाही. सर्कशीचं रिंगण जगभर ४२ फूट व्यासाचं असतं, म्हणजे साधारण १३ मीटर. लंडनला १८व्या शतकात फिलिप ॲस्टली म्हणून एक घोडेस्वार होता, पळत्या घोड्यावर उभं राहायला हा घेर सोयीचा पडतो हे त्याच्या खेळातून पुढे आलं आणि तेच माप रूढ झालं. आता कडेपासून थोडं आतून, १८ फूट त्रिज्येने फिरायचं धर. तुझा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या आसांतलं अंतर, ३ फूट. हिशेब केला तर पुढचं चाक साडेनऊ अंश वळवून जाम केलं की झालं, गडी आयुष्यभर गोल फिरत राहील. तुझ्या सायकलचं हँडल वळतं का बघ बरं, माझी पैज आहे की त्यात कुठेतरी बोल्ट मारलेला असेल.

जांभ्याची_खाण
नट_बोल्टशेठ दंडवत! हँडल हलत नव्हतं, मला वाटलं गंजाने धरलंय म्हणून मी त्यात दोन दिवस डिझेल सोडत होतो. आत्ता ग्राइंडर मारून बघितलं तर हेडच्या पाइपमधून आरपार भोक आणि त्यात बोल्ट. चाक डावीकडे किंचित वळलेलं.

बांगडाफ्राय
डिझेल वाया गेलं पण धागा वसूल. वाचनखूण साठवली.

गुरांचा_डॉक्टर
दापोलीहून लिहितोय. माझा रोजचा संबंध गायी-म्हशी-शेळ्यांशी, सर्कशीत मी कधी नोकरी केलेली नाही हे आधी सांगतो. पण अस्वलच का, वाघ का नाही, याचं उत्तर पायात आहे.

वाघ, कुत्रा, मांजर ही जनावरं बोटांवर चालतात. त्यांची टाच वर हवेत असते, आपण ज्याला मागचा गुडघा समजतो तो खरं तर घोटा. असल्या पायाने पॅडल दाबत राहणं जमत नाही. अस्वल आपल्यासारखं सबंध तळवा टेकून चालतं, मागच्या दोन पायांवर ते निसर्गातच उभं राहतं, मधाचं पोळं काढायला नाहीतर समोरच्याला घाबरवायला. ढुंगणावर बसणं पण त्याला नवीन नाही. म्हणजे बसणं, तळवा टेकणं, पुढच्या पंज्याने काहीतरी धरणं, हे तिन्ही तुकडे तयारच मिळतात. माकडाचं त्याहून सोपं, त्याला पायाने पण पकडता येतं. म्हणून जगभर सायकलवर कोण दिसतं तर अस्वल आणि माकड. वाघाच्या वाट्याला स्टुलावर बसणं आणि पेटत्या कड्यातून उडी.

हत्तीचं मात्र अवघड आहे. हत्तीचे पाय खांबासारखे सरळ खाली, वजन पेलायला बनलेले. मागचा भाग टेकून बसणं, वर सीटवर बसून मागचे पाय फिरवणं, यात सगळा भार कंबरेवर आणि मागच्या सांध्यांवर येतो. एखाद्या वेळेस बसेल. रोज तीन खेळ, वर्षानुवर्षं, आणि बाकीचा वेळ साखळीने एका जागी उभा, याने सांधे जातात आणि तळपायाला जखमा होतात. माणसाच्या ताब्यातल्या हत्तींचं सगळ्यात मोठं दुखणं पायच असतं.

शिकवायची पद्धत म्हणाल तर तुकड्यातुकड्यांनी. पिल्लू लहान असतानाच सुरवात करायची. आधी नुसतं सायकलजवळ आलं की साखर किंवा गूळ. मग पाटावर बसलं की. मग पाय पॅडलवर ठेवू दिला की. मग पट्टा. मग वर लिहिलंय तसं दोरीने ओढायचं. पाय फिरताना ते आखडतं, ओढ घेतं, तेव्हा थांबून परत गूळ. पुढे कधीतरी दोरी सैल पडल्यावर पण ते स्वतः पॅडल दाबतं कारण दाबल्याशिवाय गूळ मिळत नाही हे कळलेलं असतं. एवढंच असतं तर मी म्हटलं असतं ठीक आहे. पण बायका-पोरं कडेला बसलेली असताना १०० किलोचं नखंवालं जनावर मोकळं सोडता येत नाही, म्हणून मुसकं येतं, गळ्यात साखळी येते, आणि तिकिटं विकली गेली असताना जनावराचा मूड नसेल तर काठी येते. गुळाने शिकवलेलं काम काठीशिवाय रोज वेळेवर होत नाही, गोम तिथे आहे.

मुक्तहस्त
डॉक्टरसाहेब, माहितीपूर्ण प्रतिसाद, पण शेवटचं वाक्य सरसकट झालं. मी सर्कशीतली माणसं जवळून बघितलीत. आमच्या आजोबांचा ठेका होता, हत्तींना वडा-पिंपळाचा पाला, केळीचे खुंट पुरवायचे. एका वर्षी धंदा बसला तेव्हा तंबूतली माणसं एक वेळ जेवत होती पण हत्तीचा पाला कमी झाला नाही. उधारी राहिली ती आजोबांची, हत्तीची नाही. माहूत हत्तिणीच्या पायाशी झोपायचा. त्याला तुम्ही क्रूर म्हणणार?

आणि सर्कस ही आपली मराठी माणसाची कमाई आहे हे कुणी बोलतच नाही. सांगलीकडच्या अंकलखोपचे विष्णुपंत छत्रे, कुरुंदवाडच्या पटवर्धनांकडे घोडे शिकवायचे. १८७९ ला मुंबईत कियारिनीची इटालियन सर्कस बघितली आणि २० मार्च १८८० ला स्वतःची उभी केली. हिंदुस्थानातली पहिली सर्कस. हा माणूस गाण्याचा पण दर्दी, ग्वाल्हेर घराण्याचे रहिमतखाँ यांना त्याने सांभाळलं, सर्कशीबरोबर खाँसाहेबांचं गाणं गावोगाव पोचलं. केरळातल्या तलश्शेरीला सर्कशीचं पुढचं सगळं घराणं उभं राहिलं ते छत्र्यांच्या भेटीनंतर, कीलेरी कुञ्ञिकण्णन गुरुजींपासून. आणि पुण्याचे दामू धोत्रे तर थेट अमेरिकेच्या रिंगलिंग सर्कशीत जाऊन बिबळ्यांचे खेळ करून आले. आज हे सगळं 'क्रूर' म्हणून एका फटक्यात पुसायचं?

अंगणातली_तुळस
मुक्तहस्त, पुसा कोण म्हणतंय? छत्रे मोठे होतेच. पण ते घोडे शिकवणारे होते, घोडा हे माणसाबरोबर हजारो वर्षं राहिलेलं जनावर आहे. जंगलातनं पकडून आणलेल्या अस्वलाचं आणि त्याचं एका पंगतीत कसं बसवता?

माहूत पायाशी झोपायचा हे मला पटतं. माया होती त्यात वाद नाही. पण मायेने वागवलेलं जनावर साखळीतच होतं ना. आमच्याकडे लहानपणी दरवेशी यायचा अस्वल घेऊन, नाकात वेसण घातलेली, आणि आम्ही पोरं मागे-मागे. अस्वलाचा केस ताईतात घातला की पोराला नजर लागत नाही म्हणून माझ्या आईने पण घेतलेला. तो दरवेशी पण अस्वलाला आपल्या भाकरीतली भाकरी द्यायचा. म्हणून त्या वेसणीचं भोक बुजलं का?

आणि पोट भरायचं म्हणाल तर दरवेश्यांचं बघा. आग्र्याला अशा नाचवलेल्या अस्वलांसाठी केंद्र उभं राहिलं तेव्हा अस्वल सोडणाऱ्या कलंदर कुटुंबांना दुसरा धंदा करायला मदत आणि पोरांना शाळा असं बरोबरच केलं गेलं. २००९ पर्यंत रस्त्यावरची अस्वलं संपली. सर्कशीच्या माणसांसाठी असं कुणी उभं राहिलं नाही, तुमचा राग तिकडे काढा की, अस्वलावर कशाला?

मुक्तहस्त
शेवटच्या मुद्द्याला अनुमोदन. बाकीच्यावर नंतर लिहितो, काजूची गाडी भरायची आहे.

गुरांचा_डॉक्टर
मुक्तहस्तांच्या मुद्द्यात तथ्य आहे, काठीशिवाय शिकवणारे पण होऊन गेले. जर्मनीत हाम्बुर्गचे कार्ल हागेनबेक १९व्या शतकातच म्हणत होते की मारझोड नको, जनावराचा स्वभाव ओळखा. रशियात व्लादिमीर दुरोव (१८६३-१९३४) गूळ-साखरेवरच काम करायचे आणि जनावर आपणहून काय करतं ते बघून त्याचाच खेळ बांधायचे.

पण स्वभाव कुठेतरी आडवा येतोच. अमेरिकेत केलर आणि मॅरियन ब्रेलँड म्हणून जोडपं होतं, मानसशास्त्रज्ञ स्किनरकडे शिकलेलं, निव्वळ खाऊ देऊन हजारो जनावरं शिकवलेली, म्हणजे मारझोडीचा प्रश्नच नाही. त्यांनी रॅकून या तिकडच्या रानटी जनावराला नाणी डब्यात टाकायला शिकवलं. एक नाणं टाकलं तोवर ठीक. दोन नाणी दिल्यावर तो ती एकमेकांवर घासत बसायला लागला, डब्यात बुडवायचा, परत काढायचा, परत घासायचा. रॅकून आपलं भक्ष्य असंच हाताळतो. डुकराला गल्ल्यात नाणं टाकायला शिकवलं तर ते वाटेत नाणं खाली टाकून नाकाने उकरायला लागलं. खाऊ मिळायला उशीर होत होता तरी. १९६१ मध्ये त्यांनी हे सगळं प्रामाणिकपणे छापलं.

तंबूतला रिंगमास्टर मात्र डुक्कर उकरतंय म्हणून पब्लिकला थांबा म्हणू शकत नाही. ७ चा खेळ ७ लाच.

सुरंगीचो_वळेसार
डॉक्टरानु, आमचो बैल पण नांगराक बांधल्यार मधीच थांबान गवात खाता. तेका काय म्हणतत?

गुरांचा_डॉक्टर
शहाणा म्हणतात ताई.

काळाकोट
उशिरा आलो. रत्नागिरी कोर्टात दिवस गेला. कायद्याचं कुणी लिहिलेलं नाही म्हणून सविस्तर.

१९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा. त्यात खेळ करणाऱ्या प्राण्यांचं वेगळं प्रकरण आहे. दोन गोष्टी: एक, नोंदणीशिवाय कुठलंही जनावर खेळाला लावायचं नाही. दोन, कलम २२ खाली केंद्र सरकार यादी काढून ठरावीक प्राण्यांवर बंदीच घालू शकतं. पहिली यादी निघाली २ मार्च १९९१ ला: अस्वल, माकड, वाघ, बिबळ्या आणि कुत्रा. हो, कुत्रा पण. सर्कसवाले कोर्टात गेले, स्थगिती, समिती, अहवाल, असं करत १४ ऑक्टोबर १९९८ ला नवीन यादी आली, त्यात कुत्रा वगळला आणि सिंह घातला. त्याला केरळ हायकोर्टात आव्हान दिलं गेलं. जून २००० मध्ये हायकोर्टाने बंदी उचलून धरली, वर असंही म्हटलं की कायदेशीर हक्क फक्त माणसालाच का असावेत, प्राण्यांना का नकोत. १ मे २००१ ला सुप्रीम कोर्टाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. महाराष्ट्र दिनी, योगायोग. त्यानंतर सर्कशीतले वाघ-सिंह बन्नेरघट्टा, विशाखापट्टणम वगैरे ठिकाणच्या केंद्रात हलवले गेले.

हत्ती या यादीत नव्हता. म्हणून २००१ नंतर पण अनेकांनी सर्कशीत हत्ती बघितलेला असेल, सायकलवर पण. पुढे केंद्रीय प्राणीसंग्रहालय प्राधिकरणाने सर्कशींची मान्यता काढून घ्यायला सुरवात केली तेव्हा हत्ती हळूहळू गेले.

दंडाचं ऐकाल तर हसाल. क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये. १९६० ला ५० रुपये म्हणजे काहीतरी होतं, आज चिपळूण एसटी स्टँडवर मिसळपाव येत नाही. त्यामुळे खरी धार दंडाची नाही, बंदीच्या यादीची.

आणि आता कोकणी माणसासाठी खास. ११ जुलै २०११ ला या यादीत अजून एक नाव घातलं गेलं. बैल.

रेवदंडा_एक्स्प्रेस
आलं का! मी वाटच बघत होतो कधी येतंय ते. म्हणजे सर्कशीच्या कायद्यात आमचा बैल. बैल कधी सायकल चालवतो का हो? अलिबागच्या किनाऱ्यावर ओहोटी लागली की ओल्या वाळूवर शर्यत, बापजाद्यांपासून चालत आलेली, बैलाला पोरासारखा खुराक, अंडी-दूध-उडीद, आणि एका ओळीने सगळं बंद. ७ मे २०१४ ला सुप्रीम कोर्टाने जल्लिकट्टू आणि शर्यती दोन्हीवर टाच आणली ती याच यादीवर बोट ठेवून. २०१७ ला महाराष्ट्राने स्वतःचा कायदा केला, तरी मैदान मोकळं झालं ते डिसेंबर २०२१ मध्ये, आणि घटनापीठाचा निकाल १८ मे २०२३ ला. तोवर आमच्या वाडीतल्या जोड्या कुठे गेल्या ते विचारू नका. शर्यत बंद तर बैल पोसणार कोण? अस्वल वाचवायला गेलात आणि बैल गेला.

अंगणातली_तुळस
अहो पण शेपटी पिरगाळणं, खिळ्याची काठी टोचणं हे शर्यतीत होत नव्हतं का? मी नागावची आहे, मला सांगू नका.

रेवदंडा_एक्स्प्रेस
काही लोक करत होते, त्यांना धरा. काठीवर बंदी घाला, आम्हीच मागणी केली होती. आता नियमात काठी-चाबूक बंद आहेच, झाल्याच ना शर्यती?

संपादक_मंडळ
शर्यतीवर आपल्याकडे आधीच दोन मोठे धागे आहेत आणि दोन्हीत काय झालं ते सगळ्यांना आठवत असेल. बैल तिकडे न्यावा ही विनंती. इथे सर्कस.

बांगडाफ्राय
संपादकांच्या परवानगीने माकडावर बोलतो, माकड यादीत आहे. आमच्या बागेत केलडी येतात, शहाळी पिळून काढतात, कलमाचा मोहोर ओरबाडतात, कौलं फोडतात. सर्कसवाल्यांनी पूर्वीसारखी नेली असती तर मी स्वखर्चाने सायकली घेऊन दिल्या असत्या.

सुरंगीचो_वळेसार
आणि हत्ती? तुमी सर्कशीत तिकीट काढून बघलास. आमच्या दोडामार्गात २००२ च्या सुमाराक कर्नाटकातसून सोताच चलत इले. तिलारीच्या खोऱ्यात केळी, माड, भात, कायेक ठेवणत नाय. माज्या भावाची बाग रातीत आडवी. तरी पण खरा सांगू, तो हत्ती माडाक डोक्यान ढकलून मगे गाभो सोलून खाता ना, ता बघल्यार त्या सायकलीवरच्या हत्तीचा काय केल्ला ता समाजता. भाव पण म्हणता, नुकसान भरपाय वेळेर गावली तर माजा भांडान नाय.

मुक्तहस्त
गाडी गेली, आता लिहितो. तुळसताईंनी घोडा आणि अस्वल वेगळं केलं ते मान्य. माझं दुखणं वेगळं आहे. वाघ-अस्वल गेलं, मग १८ एप्रिल २०११ ला सुप्रीम कोर्टाने सर्कशीत लहान मुलांना काम करायला मनाई केली, तेही बरोबरच, नेपाळहून आणलेल्या पोरींचे हाल व्हायचे. पण या प्रत्येक निर्णयानंतर तंबूतल्या मोठ्या माणसांनी काय करायचं याचा कागद कुणी काढला नाही. रिंगमास्टरच्या हातात एकच कला. वाघाला केंद्रात पिंजरा मिळाला, मटण मिळालं. रिंगमास्टरला काय? आमच्या ओळखीतला एक पुढे तंबूच्या गेटवर तिकिटं फाडायचा.

जर्मनीत रोंकाली सर्कसने प्राणी बंद केले आणि होलोग्रामचे हत्ती-घोडे नाचवले, ते परवडतं त्यांना. अमेरिकेत रिंगलिंगने २०१६ ला हत्ती काढले, २०१७ ला तंबूच उतरवला, २०२३ ला प्राण्यांशिवाय परत आले. मागे भांडवल होतं म्हणून आले. आपल्याकडे तंबूचं कापड बदलायला पैसा नाही आणि मैदानाचं भाडं वाढतंच आहे.

अंगणातली_तुळस
हे मात्र मनापासून पटलं.

खाडीकाठ
एक शंका. गेल्या वर्षी जत्रेत पोपट सायकल चालवताना बघितला, तारेवरून, इवलीशी सायकल. पोपटाला पॅडल मारता येतं का खरंच? का ते पण नट_बोल्ट म्हणतात तसंच?

नट_बोल्ट
तसंच, पण अजून चलाख. सायकलच्या खाली तारेच्या दोन्ही बाजूंनी दांड्या खाली गेलेल्या असतात आणि त्यांच्या टोकाला वजनं. म्हणजे सगळ्याचा गुरुत्वमध्य तारेच्या खाली येतो, पोपटाने ठरवलं तरी पडणार नाही, कलंडला की आपोआप सरळ. तार एका बाजूने किंचित उतरती ठेवली की सायकल आपणच घरंगळते, चाकाबरोबर पॅडल फिरतं, पॅडलवर पोपटाचे पाय. पोपटाची दोन बोटं पुढे, दोन मागे असतात त्यामुळे पकड पक्की, पट्टा लागत नाही. त्याला शिकवायचं काय तर दांडी सोडायची नाही आणि उडायचं नाही. उडू नये म्हणून पंख कापलेले असतात बऱ्याचदा.

काळाकोट
जाता जाता, तो पोपट आपला हिरवा असेल तर तो वन्यजीव कायद्याखाली येतो, सायकल सोडाच, पिंजऱ्यात ठेवणं पण गुन्हा. ज्योतिषाच्या पोपटाला पण हेच लागू.

यष्टी_कंडक्टर
वकीलसाहेब, आमच्या गावच्या पालखीला एक माणूस कुत्रा घेऊन येतो, कुत्रा पुढच्या पायांनी गाडा ढकलतो आणि एका छोट्या तीनचाकीवर पण बसतो. तुम्ही लिहिलंत कुत्रा यादीतून वगळला. म्हणजे चालतं का? देवस्थान कमिटीत मी आहे, उद्या कुणी तक्रार केली तर आमच्या गळ्यात नको.

काळाकोट
काका, बंदी नाही पण मोकळीक पण नाही. २००१ च्या नियमांप्रमाणे खेळ करणाऱ्या जनावराची प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, आणि कुठले खेळ करणार हे पण त्यात लिहून द्यावं लागतं. लिहिलेलं सोडून दुसरं काही करून घेतलं तर तो नियमभंग. कमिटीने त्याच्याकडून नोंदणीची झेरॉक्स मागून घ्यावी, नसेल तर कुत्र्याशिवाय ये म्हणावं. आणि डॉक्टरांना एकदा तो कुत्रा दाखवता आला तर बरं, मागच्या पायांचं बघून सांगतील.

गुरांचा_डॉक्टर
आणा, फी नको. पण ऊन उतरल्यावर आणा, शिमग्याच्या दिवसांत डांबरी रस्ता भयंकर तापतो आणि कुत्र्याचे तळवे भाजतात.

यष्टी_कंडक्टर
पालखी रात्रीची असते डॉक्टर. त्याला संध्याकाळच्या गाडीने तुमच्याकडे पाठवतो, ५ ची दापोली.